गुरुवारची अस्लाउग

हेस्टवॉग, १४ ऑगस्ट

प्रिय शेटिल,

तुझा नंबर लावला की एक बाई गोड आवाजात सांगते, हा नंबर आता वापरात नाही. खूपदा ऐकून झालं तिचं, म्हणून शेवटी कागद घेतला. हॅमरफेस्टच्या बंदर-कचेरीत फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "पाठवा की पत्र. ट्रॉलर किनाऱ्याला लागला की देतो त्याच्या हातात." भला वाटला. तुझी तब्येत कशी आहे असं त्याला विचारणार होते. पण आपल्याच मुलाची चौकशी परक्याकडे कशी करायची? ठेवला फोन.

बाबांना जाऊन दीड वर्ष होईल. दफनाच्या दिवशी जे झालं ते उगाळायला मी लिहीत नाही. घरून फोन जायच्या आधी तुला ती बातमी जहाजावरच्या आचाऱ्याच्या फोनवर दिसली, तीही इंगुनने टाकलेल्या बाबांच्या हाताच्या फोटोसकट, हे वाईटच झालं. आणि तू चर्चच्या धक्क्यावर बहिणीच्या हातातला फोन हिसकावून फियॉर्डात भिरकावलास, दफनानंतरच्या कॉफीलाही न थांबता बोट पकडलीस, हेही काही चांगलं झालं नाही. इंगुनवर तू का चिडलास ते मला कळतं. माझ्यावर का चिडलास ते कळत नाही. कळत असलं तरी इथे लिहिणार नाही.

माझं ठीक चाललंय. छपराची डागडुजी करून घेतली. जिना उतरताना हल्ली भिंतीला हात लावावा लागतो, तेवढंच.

जुलैत इंगुन बर्गनहून सुट्टी घेऊन आली होती. तिने फोनवर माझ्या नावाचं पान काढलंय. 'अस्लाउगचं स्वयंपाकघर'. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर मी काहीतरी रांधताना दिसते. तिला वर्षभर इथे यायला जमत नाही, म्हणून तिने सगळ्या गुरुवारांचं चित्रण जुलैतच उरकून घेतलं. काय सांगू तुला, पंधरवडाभर नुसता तमाशा चालला होता घरात!

"आई, तो निळा स्वेटर काढ. आता लाल घाल."

"अगं, भर दुपारी लोकरीचा स्वेटर? घामाच्या धारा लागल्यात मला."

"हा नोव्हेंबर आहे, आई. बाहेर वादळ सुटलंय असं समज. आणि जरा खांदे आवळ की, थंडी वाजल्यासारखे."

मग मी खांदे आवळून मासळीचं सूप ढवळलं. जाडे पडदे ओढून, खिडकीत कागदी चांदणी लावून ख्रिसमसची बिस्किटंही केली, आणि बाहेर पोरं धक्क्यावरून पाण्यात उड्या मारत होती. मी हसायला लागले तर इंगुन म्हणाली, "हसलीस ते छान आलं. पुन्हा हस."

खरं सांगू? मजा आली मला. बाबा गेल्यापासून मी काय करते इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ट्रॉनहेमच्या एका बाईने लिहिलं, तुम्हाला पाहून माझी आजी आठवली. असं काहीबाही आणि पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम येतात शेकड्यांनी. इंगुन म्हणते, "तू एकटी पडू नयेस म्हणून करतेय हे सगळं." तिची तगमग खोटी नाही, शेटिल. तेवढं तरी तिचं मान.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल. पण पाठव.

तुझी,
आई


हेस्टवॉग, ३ ऑक्टोबर

प्रिय शेटिल,

उत्तर आलं नाही. समुद्रावर असशील.

आज दुकानात योरुन भेटली. आपल्या समोरच्या घरातली योरुन, जिच्या शेगडीवर तुझे ओले मोजे वाळायचे. दर मंगळवारी ती विणकाम घेऊन माझ्याकडे यायची, तिची आणि माझी सुनबाई-सासूबाई-गुडघेदुखी सगळी उजळणी व्हायची. बाबा आजारी पडले तेव्हाही तिने मंगळवार चुकवला नाही. आज मला बघून लांबूनच ओरडली.

"पाहिलं गं तुला काल! काय तो सफरचंदाचा केक!"

"तो जुलैतला आहे, योरुन. सांगितलंय ना तुला."

"असू दे की! काय दिसत होतीस! मी ओस्मुंडला म्हटलं, बघ, आपण म्हातारे झालो आणि ही बया तरणी होत चाललीय."

"मंगळवारी येतेस का विणायला? नवी लोकर आणलीय."

"येईन की. आणि आता काय, रोजच तर भेटतो आपण."

उन्हाळ्यानंतर ती एकदाही आलेली नाही. शेटिल, ती दुष्ट झालेली नाही. तिला मनापासून वाटतं की आमची भेट होते. आमच्या दोन घरांमध्ये रस्ता आहे एवढासा. तिच्या खिडकीत संध्याकाळी फोनचा उजेड दिसतो, आणि त्या उजेडात ती मला बघत असते. मी इकडे अंधारात उभी राहून तिला बघते.

पूर्वी मी तोंड उघडलं की लोक खुर्ची ओढायचे. आता म्हणतात, "हो हो, पाहिलं ते." तळघरात पाणी शिरलं, बाबांच्या जाळ्यांच्या लाकडी पेट्या कुजल्या, सकाळी उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे कुणी पाहिलेलं नसतं. आणि न पाहिलेलं ऐकून घ्यायची सवय मोडलीय लोकांची. मी सांगायला लागते आणि समोरच्याच्या डोळ्यांत दिसतं की याला हे कुठे ठेवावं कळत नाहीये.

नगरपालिकेची बाई येऊन गेली. एकट्या म्हाताऱ्यांना गळ्यात घालायचं बटण देतात, पडलं-झडलं तर दाबायला. मीच अर्ज केला होता. ती दारातच हसली. "अस्लाउगबाई, तुम्हाला कशाला हो बटण? मागच्या आठवड्यात पिठाची अख्खी गोणी उचललीत, मी पाहिलं ना!" गोणी रिकामी होती. इंगुनने आत उशी भरली होती. पण ते सांगायची मला लाज वाटली. मग तिने कॉफी घेतली, माझ्याबरोबर फोटो काढला आणि माझं नाव यादीत खाली टाकून गेली.

बाबांचा वाढदिवस होता गेल्या शनिवारी. मला वाटलं, चार माणसं बोलवावीत. इंगुनला सांगितलं, तिने गावाच्या ग्रुपवर टाकलं : मागनारच्या आठवणीत अस्लाउगच्या हातची वाफेल, दुपारी तीनला, सगळ्यांनी या. बदामांचा पाऊस पडला. 'किती सुंदर कल्पना!' 'मागनारसारखा माणूस होणे नाही.' अख्ख्या गावाने काही ना काही लिहिलं. मी सकाळीच गोड पीठ भिजवलं, साच्यात वाफेलची चवड भाजली, शेजारून खुर्च्या आणल्या.

कुणी आलं नाही.

योरुनचा नवरा ओस्मुंड दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी भेटला. मी विचारलं, "काल आला नाहीस रे?" तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "मी बदाम टाकला होता की! आणि एवढे लोक येणार म्हटल्यावर गर्दीत कशाला, असं वाटलं."

वाफेल फ्रीजरमध्ये ठेवलीत. आठवड्याला दोन दोन खाते.

तू असतास तर आला असतास. निदान भांडायला तरी.

आई


जिल्हा रुग्णालय, २१ नोव्हेंबर

शेटिल,

पाठीवर पडून लिहितेय, अक्षराकडे बघू नकोस. हे तुला दुसरीकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून घाई.

गेल्या आठवड्यात बुधवारी दुपारी, अंधारून आल्यावर दिवा लावायला उठले आणि चक्कर आली. पडले ती कंबरेवर. खुबा मोडला. कसा आवाज झाला ते सांगत नाही. फोन ओट्यावर चार्जिंगला होता आणि मी खाली फरशीवर. ओट्याची कड दिसत होती, हात पोहोचत नव्हता.

चिंध्यांची सतरंजी ओढून अंगावर घेतली. कोपऱ्यातल्या कुंडीखालच्या बशीत पाणी होतं, ते सरपटत जाऊन प्यायले. ओरडले. मग घसा बसला. बुधवारची रात्र गेली, गुरुवारचा दिवस गेला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एकदा कुणीतरी आपल्या दारापाशी शीळ घालत गेलं.

गुरुवारी संध्याकाळी फोन टिंग वाजला. मग पुन्हा. मग लागोपाठ. आधी मला वाटलं, कुणाला तरी कळलं, माणसं शोधतायत. पहिल्या काही टिंगांना मी ओ दिली, शेटिल. "ओ, मी इथे आहे," असं जेवढं मोठ्याने म्हणता येईल तेवढं म्हटलं. मग लक्षात आलं की आज गुरुवार.

वर ओट्यावर लोक मला म्हणत होते, किती छान दिसतेस, किती टवटवीत आहेस, अशीच राहा. आणि मी खाली स्वतःला ओलं करून पडले होते. बराच वेळ वाजत राहिला. मग बॅटरी भरली असूनही थांबला. लोक झोपायला गेले असतील.

शुक्रवारी धुराडं साफ करणारा आला. दारियुस नाव त्याचं, लिथुआनियाचा, गावात नवा. वर्षातून एकदा येतात ते, त्याच्या कागदावर माझ्या घराचा नंबर होता. त्याने माझं पान पाहिलेलं नव्हतं. मी कशी आहे हे त्याला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने दार वाजवलं. ओ आली नाही तेव्हा खिडकीतून डोकावला आणि आत आला. दार काही फोडावं लागलं नाही. आपलं दार कधी कुलपात नसतं, तुला माहीतच आहे. ते तिन्ही दिवस उघडंच होतं.

त्याने अंगातलं काजळीने माखलेलं जाकीट काढून माझ्यावर घातलं आणि गाडी येईपर्यंत फरशीवर माझ्याशेजारी बसून राहिला. तोडक्यामोडक्या भाषेत त्याच्या आईबद्दल सांगत होता. ती कोबीत मांस भरून कसं शिजवते ते. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी मला काहीतरी सांगत होतं.

काल योरुन आली होती. खाटेच्या कडेला बसली आणि हमसून हमसून रडली.

"अगं, पण मी तर तुला गुरुवारी पाहिलं होतं!"

"माझ्या खिडकीत दिवा नव्हता, योरुन. दोन रात्री."

"ते दिसलं गं. म्हटलं, बर्गनला गेली असेल लेकीकडे. मग फोनवर तू आलीस, बटाट्याच्या पोळ्या लाटत. मी तुला लिहिलंसुद्धा, 'हात अजून किती चपळ आहेत तुझे.'" आणि मग तिची नजर आमच्या हातांवर गेली. माझा हात तिच्या हातात होता आणि दोघींनाही तो कुठे ठेवावा कळेना.

तिला मी काय बोलणार? तिने मला पाहिलंच होतं.

इंगुन निघालीय. तू ये असं मी लिहिणार नव्हते.

ये.

आई


वृद्धाश्रम, १२ डिसेंबर

प्रिय शेटिल,

बंदर-कचेरीतला माणूस म्हणाला की तुमचा ट्रॉलर नाताळानंतरच परतेल आणि तोवर पत्रं त्याच्या खणात राहतील. म्हणजे मागचं पत्रही तुला मिळालेलं नाही. मी उगाच दाराकडे बघत बसले होते.

मला आता इथे आणलंय, बोटीने पलीकडच्या काठाला. खुबा बसवलाय, पण मी चालायच्या चौकटीचा आधार घेऊन खोलीच्या दारापर्यंत जाते, तेवढंच. घरी परत जाता येणार नाही असं डॉक्टरांनी इंगुनला सांगितलं आणि इंगुनने मला. घर एका जोडप्याला भाड्याने द्यायचं ठरलंय. बाबांची हत्यारं ओस्मुंडने त्याच्या गोठ्यात हलवली.

इंगुन रुग्णालयात आली ती कोट न काढताच माझ्या खाटेवर येऊन बसली. तिचा चेहरा बघून मला माझ्या खुब्याचं दुखणं विसरायला झालं. म्हणत होती, "मी लांब असते, आई. मला वाटलं, एवढे हजारो डोळे तुझ्यावर आहेत, तर तुला काही झालं की कुणालातरी लगेच दिसेल. म्हणून तर केलं मी हे. म्हणून तर केलं!" मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. पन्नाशीला आलेली पोर. केसांच्या मुळाशी पांढरं झालंय, बर्गनला एकटीच असते, आणि तिला रात्री-अपरात्री विचारणारंही त्या फोनखेरीज कुणी नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवस बरी होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, लोक विचारतायत. फक्त दोन मिनिटं बोलतेस? उशी नीट करते."

"नको."

"ते काळजी करतायत तुझी."

"कोण ते?"

ती उशी थोपटत राहिली. मी म्हटलं, "आता ते गुरुवारही बंद कर. ती बाई आता नाही."

तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आई, त्यात तू उभी आहेस. हसतेस. लोकांना तशीच राहू दे ना तू. मला तरी राहू दे." आणि रडायला लागली. मग मी हट्ट सोडला. पोरीकडून काय काय काढून घ्यायचं?

मी झोपले असताना तिने माझ्या हाताचा फोटो टाकला, सुई टोचलेल्या. बाबांचा टाकला होता तसाच. तू पुन्हा दुसऱ्याच्या फोनवर पाहू नयेस, म्हणून सांगतेय. मला इथल्या पोरीने दाखवला. वीस-बावीस वर्षांची आहे, जेवण भरवते. पहिल्याच दिवशी ट्रे हातात घेऊन किंचाळली, "अरे देवा, तुम्ही त्याच ना!" आणि मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि आवाज खाली आला. "म्हणजे, आधी."

योरुन त्या एका दिवसानंतर आली नाही. बोट हिवाळ्यात फार उसळते हे खरं आहे. पण रोज सकाळी फोनवर एक बदाम येतो तिचा. मी परत पाठवत नाही. तिला वाटत असेल, मी रागावलेय.

इथे दुपारी चारलाच काळोख होतो. आज बटाटे कच्चे होते. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला तिची बहीण समजते आणि लहानपणी हरवलेल्या मेंढ्यांबद्दल विचारते. मी सांगते, मिळाल्या. सगळ्या मिळाल्या. तेवढ्याने तिचा जीव भांड्यात पडतो.

आई


हॅमरफेस्ट, १६ जानेवारी

आई,

तुझी दोन पत्रं काल एकदम हातात पडली. नोव्हेंबरचं आणि डिसेंबरचं. धक्क्यावरच वाचली. मग पुन्हा वाचली. दोन महिने सिग्नल नव्हता, त्यामुळे तो हाताचा फोटोही पाहिला नव्हता. काय लिहावं कळत नाही, मला लिहायची सवय राहिलेली नाही.

ऑगस्टचं आणि ऑक्टोबरचं मला मिळालं होतं. उत्तर दिलं नाही. का ते सांगतो. ऐकून घे.

मी तुला दर गुरुवारी बघत होतो. खोट्या नावाने खातं उघडलं होतं. समुद्रावर सिग्नल मिळेल तेव्हा, कधी शुक्रवारी, कधी रविवारी, खाली झोपायच्या फळीवर पडून बघायचो. तू बोलायचीस, हसायचीस, मग मी झोपायचो. मला वाटायचं, झाली भेट. भेट झाल्यावर पत्र काय लिहायचं? भांडण तसंच ठेवता येत होतं आणि आईही मिळत होती.

तू लिहिलं होतंस की ते सगळं जुलैतलं आहे. मला माहीत होतं, आई. डोळ्यांना ते माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमधलं तुझं पत्र वाचून मला जरा चुटपुट लागली होती. त्या वाफेलांचं वाचून. म्हणून मी त्याच खोट्या नावाने तुला पानावर विचारलं होतं, 'अस्लाउगबाई, तुम्हाला एकटं तर वाटत नाही ना?' लगेच उत्तर आलं. 'मुळीच नाही! तुम्ही सगळे आहात ना.' आणि बदाम. मला वाटलं, तूच लिहिलंस. इंगुनने लिहिलं असणार हे आज कळतंय. त्या रात्री मला इतकं हलकं वाटलं की मी आचाऱ्याला बिअर पाजली.

तू ज्या गुरुवारी खाली पडून ओ देत होतीस, त्या गुरुवारी आम्हाला चांगला सिग्नल होता. त्या टिंगांमधली एक माझी होती.

फेब्रुवारीत सुट्टी आहे. येतो.

शेटिल


वृद्धाश्रम, २७ फेब्रुवारी

प्रिय शेटिल,

तू नीट पोहोचलास असं कचेरीतल्या माणसाने सांगितलं.

तू आलास, हे मी आधी लिहिते, म्हणजे बाकीचं वाचून तुझं येणं फुकट गेलं असं तुला वाटायला नको. तू एवढ्या लांबून, दोन विमानं आणि एक बोट बदलून आलास. दारात उभा राहिलास तेव्हा मला बाबाच वाटलास, तीच मान खाली घालायची तऱ्हा. तू माझ्या पायांशी बसून रडलास आणि मी तुझ्या केसांत हात फिरवला. ती पहिली दहा मिनिटं माझी आहेत. ती कुणी पाहिलेली नाहीत.

मग आपण बोलायला लागलो.

मी विचारलं, "मासळी कशी आहे यंदा?" तू म्हणालास, "बरी आहे." तू विचारलंस, "जेवण कसं असतं इथलं?" मी म्हटलं, "बरं असतं." आणि मग दोघं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसलो. दोन वर्षांचं साठलेलं होतं दोघांकडे, पण ते बाहेर काढायची वाट बुजून गेली होती. मला वाटलं, तू आता बाबांचा विषय काढशील, चिडशील, मला विचारशील की आई, तेव्हा तू गप्प का राहिलीस. मी त्याची तयारी करून बसले होते. तू काढला नाहीस.

तू म्हणालास, "आई, तुझा आवाज वेगळा वाटतो."

"कशापेक्षा?"

तू पुन्हा खिडकीकडे बघितलंस. पण मला कळलं. तिच्यापेक्षा. तिचा आवाज इंगुन साफ करून घेते आणि मागे मंद संगीत लावते. माझ्या आवाजात घरघर आहे आणि शब्द आठवायला वेळ लागतो. मी मेंढ्यांबद्दलची, शेजारच्या म्हातारीची गोष्ट सांगायला लागले. लांबली जरा. मध्येच पाहिलं तर तुझा हात खिशाकडे गेला होता. तुलाही कळलं नाही तो कधी गेला. मी म्हटलं, "शेटिल, इकडे बघ." तू दचकून बघितलंस, अगदी लहानपणी शाळेत बघायचास तसा, आणि मनापासून बघायचा प्रयत्न केलास. मिनिटभर जमलं तुला.

नंतर भरवणारी पोर आली आणि तू तिला फोनवर दाखवलंस, "ही बघ माझी आई, बिस्किटं करताना." दोघं माझ्या खाटेपाशी वाकून बघत होतात. तुझा चेहरा उजळला होता. आल्यापासून पहिल्यांदा. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते.

मी रागावलेले नाही. मला त्या क्षणी एवढंच कळलं की तू ज्या आईला भेटायला एवढ्या लांब आलास ती तुला इथे सापडली नाही, आणि तू ते माझ्यापासून लपवायची धडपड करत होतास. चांगला मुलगा आहेस तू. बोटीला वेळ असूनही तासभर आधी उठलास, तेव्हा मी तुला अडवलं नाही. निघताना म्हणालास, "बघतो गुरुवारी." बोलून गेलास आणि कानापर्यंत लाल झालास. असू दे.

काल गुरुवार होता. इथे मोठ्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर लावतात आता. आम्हा सगळ्यांना खुर्च्या ढकलत नेऊन बसवतात. शेजारची म्हातारी मला कोपराने ढोसून म्हणाली, "कोण गं ही? किती हसते!" मी म्हटलं, आमच्या गावातली आहे एक.

पुढे तू काय करायचंस ते मी सांगत नाही. पत्र लिहायला हात आता फार थरथरतो. हे तीन दिवस लिहितेय. यापुढचं बहुधा भरवणाऱ्या पोरीला सांगून लिहून घ्यावं लागेल, आणि तिच्यादेखत मला तुला काही सांगता येणार नाही. म्हणून हे इथेच पुरं करते.

इंगुन म्हणत होती, तिच्याजवळचे गुरुवार ईस्टरपर्यंत पुरतील. त्यानंतर काही नाही. मग बरेच दिवस अस्लाउग दिसली नाही, असं कुणाच्या तरी मनात येईल. कदाचित योरुनच्या. मी इकडे आहे हे तिला ठाऊक आहे, पण तिच्या पायांना ठाऊक नसेल. ती अंगावर शाल घेईल, रस्ता ओलांडेल आणि आपलं दार वाजवेल. ते जोडपं आत राहायला आलंय. माणसं चांगली आहेत म्हणतात. तिला आत बोलावतील, कॉफी देतील.

आई